लॉस फीलिझचे घर आणि नाकाची अट

मी अराक्सी हागोप तेर्झियान, जिला जग ओडेट व्हॅलेन या नावाने ओळखते किंवा एकेकाळी ओळखत असे, वय सत्त्याहत्तर, स्टुडिओच्या नोंदीप्रमाणे एकाहत्तर, धंदा सिनेमात काम करणे, राहणार लॉस फीलिझ, लॉस एंजेलिस, हे माझे शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी माझ्या जुन्या फोटोवर सही मागितली आणि तो उशीखाली ठेवणार असल्याचे सांगितले, त्यामुळे त्यांच्या डोक्याबद्दल मी काही लिहीत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे सगळे माझ्याआधी गेले. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यांतली दोन नवऱ्यांच्या नावे होती आणि ते नवरेही यथावकाश रद्द झाले आहेत.

माझे वकील श्री. मॉर्टन फेल्ड यांनी मला छापील नमुना दिला होता. त्यात मालमत्तेसाठी आणि वारसांसाठी रिकाम्या जागा होत्या, पण मतांसाठी जागा नव्हती.

"बाई, मृत्युपत्रात मतं नसतात," ते म्हणाले.

"मग मरून उपयोग काय?"

तेव्हापासून ते खिडकीपाशी बसून सँडविच खात आहेत आणि मी माझ्या पद्धतीने लिहीत आहे. अंमलबजावणी त्यांनीच करायची आहे.

कलम पहिले. लॉस फीलिझ येथील माझे राहते घर, आवारातील अंजिराचे झाड, द्राक्षाचा मांडव आणि गॅरेज यांसह, मी माझा कै. भाऊ वाहान याची नात तालिन हिला देते. अट एकच. माझ्या मृत्यूच्या दिवशी तालिनच्या चेहऱ्यावर तिचे जन्माचे नाक असले पाहिजे. ते कापले, घासले, वळवले किंवा अन्य कोणत्याही रीतीने सुधारले असेल, तर घर विकून येणारी सगळी रक्कम ओडेट व्हॅलेन चाहता मंडळास द्यावी. त्या मंडळाला मी एक छदामही देऊ इच्छित नाही, हे तालिनला पक्के ठाऊक आहे आणि म्हणूनच त्यांचे नाव घातले आहे.

तालिन बावीस वर्षांची आहे, ग्लेंडेलला आईजवळ राहते आणि नटी होऊ पाहते. गेल्या रविवारी ती माझ्या स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळायला बसली होती. चार पाने नीट झाल्यावर म्हणाली,

"आत्याआजी, गुरुवारी नाक करून घेतेय."

"करून घेतेस म्हणजे? आहे त्याला काय झालं?"

"आहे ते फार आहे. परवा एका मालिकेसाठी गेले होते. नट निवडणारा म्हणतो, छान वाचलंस, आम्हाला कबरीपाशी रडणाऱ्या बायका लागणारेत, तेव्हा तुला बोलावू. त्याआधी अतिरेक्याची बहीण. त्याआधी गालिचेवाल्याची बायको. तिला एकच शब्द होता, 'या.' तोही कापला."

"मग डॉक्टर काय म्हणाला?"

"त्यानं नाकांचा अल्बम उघडला, तर पहिल्याच पानावर तुम्ही! म्हटलं, हेच द्या. दुसऱ्या कुणाचं थोडंच मागतेय? घराण्यातलंच आहे."

"घराण्यातलं तुझ्या तोंडावर आहे, गाढवे. माझं दुकानातलं आहे."

"ठाऊक आहे. पण चाललं कुठलं, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मी फेल्डसाहेबांना बोलावून घेतले.

कलम दुसरे. अट विचित्र असली की कोर्टाला कारण लागते, असे फेल्डसाहेब म्हणतात. म्हणून कारण लिहिते. माझे वडील फ्रेझ्नोला बेदाणे वाळवत. आम्हा तेर्झियानांचे नाक कपाळातून निघते, मध्यावर जरा विचार करायला थांबते आणि मग खाली उतरते. त्याबद्दल मला कोणी कधी बोलले नव्हते, कारण आमच्या गल्लीत सगळ्यांचे तसेच होते. १९३७ साली स्टुडिओचे मालक ओटिस क्रेल यांनी मला बोलावले. ते आवाजावर खूश झाले, डोळ्यांवर खूश झाले, मग खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"पोरी, समोरून तू पॅरिस आहेस," ते म्हणाले. "बाजूनं तू भाजीबाजार आहेस."

"मी फ्रेझ्नोची आहे, साहेब."

"होतीस."

करारात वजनाचे, दातांचे आणि कपाळावरच्या केसांचे कलम होते. नाकाचे कलम असे होते की, स्टुडिओचे समाधान होईपर्यंत ते दुरुस्त केले जाईल. समाधान व्हायला दोन खेपा लागल्या. मग प्रसिद्धीखात्याने मला एक फ्रेंच सरदारीण आजी मिळवून दिली आणि नाक तिच्याकडून आले, असे छापून आणले. पुढे ती आजी माझ्यापेक्षा लोकप्रिय होऊ लागली, तेव्हा तिला मारावे लागले. तिच्यासाठी मी आठवडाभर काळे कपडे घालून फिरले आणि त्या कपड्यांतले माझे फोटो फार गाजले.

त्या नाकाच्या जोरावर मी १९४१ साली हे घर घेतले. तेव्हा या रस्त्यावरच्या खरेदीखतांत घर कोणाकोणाला विकायचे नाही ते लिहिलेले असे, आणि त्यांत आम्ही आर्मेनियनही होतो. ओडेट व्हॅलेनला मात्र हसत हसत विकले. शेजारीण केक घेऊन आली. "बरं झालं बाई, तुम्ही आलात. इथं कोण येऊन बसतंय याची आम्हाला धास्तीच होती," असे म्हणाली. मी तिला आईच्या पद्धतीची, तळाशी गाळ राहणारी कॉफी दिली आणि ती तिने फ्रेंच म्हणून मिटक्या मारत प्यायली. म्हणजे या घरातली वीट न् वीट नाकाने मिळवलेली आहे, हे मला मान्य आहे.

कलम तिसरे, चेहऱ्याबद्दल. आमच्या राज्यात आता असा कायदा झाला आहे की माणूस मेला तरी त्याचा चेहरा मिळकत म्हणून मागे उरतो आणि तो वारसाला देता येतो. ही बातमी मला माझ्या पुतण्याने, तालिनच्या काकाने, सांगितली. त्याचे नाव अर्मेन तेर्झियान, पण तो पोहण्याचे तलाव बांधून विकतो आणि पाटीवर ऑर्मंड टेरी असे लिहितो. सर्दीच्या औषधाच्या एका कंपनीला माझे नाक डब्यावर हवे होते, म्हणून तो मुद्दाम जेवणाच्या वेळी आला.

"आत्या, नाक नुसतं पडून आहे."

"पडून नाही, वापरात आहे. श्वास घेतेय मी."

"मी नंतरचं बोलतोय."

"नंतरचं नंतर. आधी हात धुऊन बस."

तर माझा चेहरा, माझा आवाज, डावी भुवई वर करण्याची माझी रीत आणि माझ्या नावावर खपणारी सगळी चटकदार वाक्ये मी श्री. लायनेल प्रुइट यांना देते. हे गृहस्थ वेस्ट हॉलिवूडच्या एका बारमध्ये दर शुक्रवारी गाऊन घालून मी होतात. मी पहिल्यांदा पाहायला गेले ती डोक्याला रुमाल बांधून, जाब विचारायला. पण तो माझ्यापेक्षा चांगली मी होता. माझी म्हणून लोक जी वाक्ये सांगतात ती सगळी त्याची आहेत. मी स्वतः आयुष्यात इतके हुशारीचे काही बोललेले नाही. त्यानंतर टेलिफोनवरच्या मुलाखती त्यालाच देऊ दिल्या. एकदा तो आजारी पडला म्हणून मी स्वतः फोन उचलला, तर वार्ताहर म्हणाला, "आपण कोण? जरा मॅडमना बोलवा ना." लायनेलला माझे सगळे गाऊनही द्यावेत. कंबर उसवून वाढवावी लागेल, पण तशी ती मीही वाढवून घेतली होती.

कलम चौथे, किरकोळ वस्तू. चौतिसाव्या वर्षी माझ्या कॅमेरामनने, सुरकुत्या पुसट दिसाव्यात म्हणून, भिंगावर पहिला रेशमी मोजा ताणला. चाळिशीला मोजे दोन झाले. शेवटच्या प्रेमपटाला चार होते, आणि एका समीक्षकाने लिहिले की गोष्ट लंडनमध्ये घडते, एवढे धुके दुसरीकडे नसते. उरलेले मोजे त्या संग्रहालयाला द्यावेत, जे दर नाताळाला भेटकार्ड पाठवून आडून माझ्या मरणाची चौकशी करते.

आमच्या धंद्यात बाईच्या हातात चाळिशीपर्यंत गुलाब देतात आणि पन्नाशीनंतर कुऱ्हाड. मधली दहा वर्षे घरी बसायचे असते. कुऱ्हाडीचे सिनेमे मी बरेच केले. त्यांत मी तळघरात राहायची, जुने गाऊन घालायची आणि भाडेकरू मारायची. खरे सांगायचे तर मला ते काम फार आवडले, कारण तिथे मोजे नव्हते, प्रकाश खालून येई आणि जेवणाच्या सुट्टीत कोणी पोटाकडे पाहत नसे. ती रबरी पात्याची कुऱ्हाड पुतण्या अर्मेन याला द्यावी. त्याला माझ्याकडून दुसरे काही मिळणार नाही.

जन्मभराच्या कामगिरीबद्दल मिळालेली सोनेरी बाहुली ग्लॅडिस फॅरो हिला द्यावी. ग्लॅडिस नटांच्या वृद्धाश्रमात आहे आणि अजून भांडण्याइतकी धडधाकट आहे. त्या समारंभात माझ्या उत्तम कामाचे तुकडे पडद्यावर दाखवायचे होते. ते लावणाऱ्यांनी चुकून शेवटचा तुकडा ग्लॅडिसच्या सिनेमातला लावला. सभागृहात लोक ढसाढसा रडले आणि उठून उभे राहिले. मी तरी काय करणार? म्हणाले, "हे दृश्य करताना मला फार सोसावं लागलं." दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लॅडिसचा फोन आला.

"सोसलं मी, अन् बाहुली तुझ्याकडे?"

"तू रडलीसही छान हं, ग्लॅडिस."

"मेलीस की पाठवून दे."

तिला दिलेला शब्द मी येथे पाळते आहे. पाठवताना डाक खर्च तिच्याकडून घेऊ नये.

बँकेत जे काही निघेल ते फ्रेझ्नोच्या आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराला, मोठी पातेली घेण्यासाठी.

कलम पाचवे, माझ्या कीर्तीबद्दल आणि देहाबद्दल. सहलीच्या बसगाड्या रोज माझ्या फाटकासमोर थांबतात आणि वाटाड्या भोंग्यातून सांगतो की, याच घरात ओडेट व्हॅलेन आपल्या दिवंगत नायकाच्या विरहात स्वतःला कोंडून बसली आहे. तो नायक चुंबनाच्या दृश्याआधी डब्यातले मासे खात असे. मी रोज बाजारात जाते, औषधांच्या दुकानात जाते, केर टाकायला फाटकाशी येते. एकदा बसमधल्या एका बाईने मला विचारले, "तुम्ही इथं कामाला का? ती कशी आहे हो?" मी म्हटले, "कजाग आहे, पण पगार वेळेवर देते." तिने हळहळून मला एक केळे दिले.

दवाखान्याच्या मालिकेत मी बेशुद्ध होते, हेही इथे नोंदवून ठेवते. संवाद लक्षात राहीनात म्हणून लेखकांनी मला बेशुद्ध केले आणि पुढे दोन हंगाम तसेच ठेवले. प्रेक्षकांची पत्रे येत, की या वयातही काय संयत अभिनय. एकदा खरोखर डोळा लागला आणि घोरले, तर ते दृश्य बक्षिसासाठी पाठवले गेले. चाहता मंडळाने माझ्यासाठी हॉलिवूडच्या दफनभूमीत संगमरवरी भिंतीतला कोनाडा राखून ठेवला आहे. त्यात त्यांनी वाटल्यास त्या फ्रेंच आजीला ठेवावे. मला फ्रेझ्नोच्या आर्मेनियन दफनभूमीत वडिलांशेजारी पुरावे आणि त्यानंतर सगळ्यांना पोटभर जेवू घालावे.

कलम सहावे. वरील मजकूर सोमवारी आणि मंगळवारी लिहिला. आज बुधवार. काल दुपारी तालिन पातेले परत द्यायला आली. कागद टेबलावर पडले होते, आणि दुसऱ्याचे कागद न वाचण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तिने पहिले कलम उभ्यानेच वाचून काढले.

"हे काय आहे?"

"तुझ्या भल्याचं आहे."

"क्रेलसाहेबही हेच म्हणाले असतील."

"त्या मेल्याचं नाव घेऊ नकोस. त्यानं माझं नाक घेतलं. मी तुझं राखतेय."

"राखताय कुठं? विकत घेताय. तो म्हणाला नाक दे, घर घे. तुम्ही म्हणताय नाक ठेव, घर घे. तेव्हा सही तुम्ही केलीत, आता पाळी माझी. माझ्या तोंडावर काय असावं, हे दोन्ही वेळा ज्याच्याकडं पैसा आहे त्यानंच ठरवायचं!"

"तालिन, बस. कॉफी घे."

"नको. अन् घरही नको. द्या त्या चाहता मंडळाला."

तिच्यासाठी काढून ठेवलेले जर्दाळू तिने नेले नाहीत. मला भयंकर राग आला. तो मी फेल्डसाहेबांवर काढला, तेव्हा ते सँडविच घेऊन गॅरेजमध्ये जाऊन बसले. राग ओसरल्यावर मला दिसले की पोरीचे एक अक्षरही चुकीचे नव्हते. क्रेल आणि मी टेबलाच्या एकाच बाजूला बसलो होतो, आणि मला ते सत्त्याहत्तराव्या वर्षी एका बावीस वर्षांच्या मुलीने दाखवले.

म्हणून पहिल्या कलमातली अट मी आज रद्द करते. तिच्यावर आडवी रेघ मारली आहे आणि बाजूला सही केली आहे. फेल्डसाहेब म्हणतात, सगळा कागद नव्याने लिहा, हे फार गबाळे दिसते. दिसू दे. घर तालिनचे आहे आणि त्याला कसलीही अट नाही.

आता खरे कारण लिहिते, जे दुसऱ्या कलमात लिहायला मला लाज वाटली. माझा पहिला मोठा सिनेमा फ्रेझ्नोला लागला तेव्हा वडील मळ्यातले काम टाकून, कोट घालून, सगळी गल्ली बरोबर घेऊन पाहायला गेले आणि पहिल्या रांगेत बसले. त्या सिनेमात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडद्यावर आहे. खेळ संपला, दिवे लागले, तेव्हा त्यांनी आईला विचारले, "आपली अराक्सी यात कधी येणार होती?" आईने त्यांना सांगितले. ते पुन्हा तिकीट काढून पुढच्या खेळाला आत जाऊन बसले. हे मला वाहानने पुष्कळ वर्षांनी सांगितले, आणि सांगितले नसते तर बरे झाले असते.

त्याच साली प्रसिद्धीखात्याचा एक माणूस चॉकलेटचा डबा घेऊन आमच्या घरी गेला आणि चांगल्या चौकटी करून आणतो म्हणून भिंतीवरचे सगळे फोटो उतरवून घेऊन गेला. सरदारणीच्या नातीचा बाप बेदाणेवाला असल्याचा पुरावा त्यांना कुठे राहू द्यायचा नव्हता. फोटो परत आले नाहीत. वडील १९४४ साली गेले. त्यांचा चेहरा आता मला कुठेही पाहायला मिळत नाही. फक्त तालिन दारातून आत येते तेव्हा, ती वळून चप्पल काढते तेवढा वेळ, ते माझ्या घरात येतात. उद्या दुपारी तेही संपणार आहे. मला त्याचे अतिशय वाईट वाटते आहे. पण माझे वाईट वाटणे ही माझी गोष्ट आहे आणि त्याचे कलम करता येत नाही.

कलम सातवे. ही विनंती आहे, अट नाही. मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, अशी आठवण फेल्डसाहेबांनी करून दिली. माझी विनंती तोवर थांबण्यासारखी नसल्यामुळे मी हे कलम आजच तालिनला फोनवर सांगितले.

"अट खोडली," मी म्हटले. "घर तुझं. नाक ठेव, काढ, तुला हवं ते कर. फक्त उद्या तिकडं जायच्या आधी एकदा इकडं ये. मला बाबांना बघायचंय."

ती मग म्हणाली, "त्यांना मिशी होती का?"

"होती."

"मग मी नुसती नाकापुरती पुरेन का?"

"पुरशील," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आज गुरुवार. ती सकाळी आली. मी तिला स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बाजूला तोंड करून बसवले, चष्मा पुसून लावला आणि पाहत बसले. आमच्यात भिंग नव्हते, मोजा नव्हता, आणि उन्हात तिच्या नाकावरची ती विचार करायला थांबण्याची जागा चांगली स्पष्ट दिसत होती. वडील मळ्यातून आले की बूट सोडायच्या आधी असेच खिडकीकडे पाहत बसायचे, हे मी इतकी वर्षे विसरून गेले होते. "हलू का?" तिने एकदा विचारले. "नको," मी म्हणाले. नंतर तिनेच उठून माझे डोळे पुसले, कॉफी प्यायली, जर्दाळू पिशवीत टाकले आणि गाडीच्या किल्ल्या घेऊन ती निघाली. कुठे निघालीस, असे मी विचारले नाही. हे लिहीत असताना ती डॉक्टरांकडे गेली की घरी, ते मला ठाऊक नाही.

माझ्या मागे ती या घराशी ज्या चेहऱ्याने येईल, त्या चेहऱ्याच्या हातात श्री. फेल्ड यांनी किल्ली द्यावी आणि एकही प्रश्न विचारू नये.

सही: अराक्सी हागोप तेर्झियान
(बँकेला ओळख पटावी म्हणून: ओडेट व्हॅलेन)

ठिकाण: लॉस फीलिझ, लॉस एंजेलिस
दिनांक: १४ ऑक्टोबर १९९३, गुरुवार

या बाईंनी आमच्या डोळ्यांदेखत, खुर्चीत ताठ बसून, शुद्धीवर राहून वरील सह्या केल्या. या कागदात आम्हा दोघांना काहीही मिळालेले नाही, हे आम्ही दोनदा वाचून पाहिले आहे.

साक्षीदार:
१. बर्निस हॉलवे, शेजारीण
२. हुआन सेपुल्वेदा, औषधांचे दुकान, कोपऱ्यावर